गिधाडे गेली, कुत्री आली

मागच्या पावसाळ्यात भोकरजवळच्या एका खेड्यातून एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाच्या पोटरीत कुत्र्याचे दात खोलवर रुतलेले होते. चावून तीन दिवस झाले होते आणि जखमेवर हळद-चुन्याचा थर होता. ‘आजी, तीन दिवस का थांबलात?’ असे विचारले तर ती म्हणाली, ‘डॉक्टरसाब, याचा आजा म्हणला, पोटात चौदा सुया देतेत. लेकराला सोसंल का?’

कुत्रे कुणाचे, हा माझा पुढचा प्रश्न होता. ‘कुणाचंच न्हाई. गावाबाहेर म्हैस मरून पडलीय, तिथं पंधरा-वीस कुत्र्यायचं टोळकं बसलेलं असतंय. लेकरू शेळ्या घेऊन तिकडूनच येत होतं.’

मुलाची जखम धुऊन त्याला सरकारी रुग्णालयात पाठवले. लस व सीरम मिळाले. मुलगा आज धडधाकट आहे. पण ती मरून पडलेली म्हैस काही माझ्या डोक्यातून गेली नाही. कारण माझ्या लहानपणी अशी म्हैस चार दिवस पडून राहतच नसे.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. गावाबाहेर ढोर टाकले की तासा-दोन तासांत आभाळात काळे ठिपके फिरू लागत. बघता बघता पन्नास-साठ गिधाडे उतरत आणि दुपारपर्यंत तिथे नुसता हाडांचा सापळा उरे. आम्ही पोरे लांबून दगड मारीत असू. गिधाड म्हणजे अभद्र, घरावर बसले तर शांती करावी लागते, असेच आम्हाला शिकवले होते. दुसऱ्याच्या मरणावर टपून बसणाऱ्या माणसाला आपण अजूनही गिधाडच म्हणतो. खरे तर हा पक्षी गावाचा बिनपगारी सफाई कामगार होता. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. कुत्र्याचे तसे नाही.

ही गिधाडे गेली कुठे? राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या १९९० च्या दशकात लक्षात आले की गिधाडे माना टाकून बसतात आणि मरून पडतात. कुणी कीटकनाशकांवर संशय घेतला, कुणी साथीच्या रोगावर. खरे कारण २००४ मध्ये कळले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासली, तेव्हा त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि त्याला कारण होते डायक्लोफिनॅक.

हे नाव वाचकांना परके नाही. कंबर धरली, गुडघा दुखला, मुरगळले की आम्ही डॉक्टर जे इंजेक्शन टोचतो, तेच हे. १९९० च्या दशकात ते जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला ते टोचले जाई. त्यातले एखादे जनावर दोन-चार दिवसांत मेले तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राही. माणसाला सोसणारे हे औषध गिधाडाच्या मूत्रपिंडाला अजिबात सोसत नाही. शिवाय गिधाडे कळपाने जेवतात. एका ढोरावर पन्नास गिधाडे बसली तर विष पन्नासांच्या पोटात जाते. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाच्या अंगात हे औषध असले तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला तेवढे पुरे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे तूट भरून येत नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्याकडील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. लांब चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली.

निसर्गात ताट रिकामे राहत नाही. गिधाडे उठली, तिथे कुत्री बसली. जेवढे अन्न तेवढी तोंडे, हा साधा नियम आहे. मार्कंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अंदाज मांडला की गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि त्यापायी १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४७ ते ४८ हजार जादा माणसे दगावली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना केली. त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की २००० ते २००५ या काळात गिधाडांअभावी देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. त्यात रेबीज आहे, तसेच सडक्या ढोरांनी दूषित झालेले पाणीही आहे. हे अंदाज आहेत, थोडे मागेपुढे होतील. कुत्री वाढण्यामागे उकिरडे आणि चिकनच्या दुकानामागे टाकलेली घाणही आहेच. पण साखळी खरी आहे. एका इंजेक्शनापासून निघालेली वाट गिधाडावरून, मेलेल्या म्हशीवरून त्या पोराच्या पोटरीपर्यंत येते.

या साखळीत मीही एक कडी होतो. १९९८ च्या सुमारास एका ओळखीच्या शेतकऱ्याने बैलासाठी हे इंजेक्शन मागितले आणि मी दवाखान्यातल्या चार बाटल्या काढून दिल्या. त्याचा लालकंधारी बैल पंगू होऊन बसला होता, पेरणी तोंडावर होती. तेव्हा मनाई नव्हती आणि मलाही काही ठाऊक नव्हते. आपण गरिबाला मदत केली, असेच वाटले. आज मात्र असे करणाऱ्याला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवणे थांबवले आणि २००८ मध्ये ती बंदी कायद्याने पक्की केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका डोसापुरतेच विकावे, असा नियम झाला. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर बंदी आली.

कायदा झाला, आता काउंटरवर काय होते ते महत्त्वाचे. ‘बैलासाठी दुखण्याचं इंजेक्शन द्या’ म्हणणाऱ्याला मेडिकलवाल्याने हात जोडून नाही म्हणावे. आम्ही डॉक्टरांनीही म्हणावे. शेतकऱ्याचे यात काहीच नुकसान नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराला गुणकारी आहे आणि गिधाडाला सुरक्षित आहे. टोल्फेनॅमिक ॲसिडही तसेच. पशुवैद्यकाला ‘डॉक्टर, गिधाडाला चालणारंच द्या’ एवढे सांगितले तरी पुरे.

‘आता गिधाडेच नाहीत, मग हा आटापिटा कशाला?’ असे काही जण विचारतील. महाराष्ट्रातून ती अजून पुरती गेलेली नाहीत. रायगडच्या म्हसळा तालुक्यात, गडचिरोलीत, नाशिककडच्या डोंगरांत थोडी टिकून आहेत. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये विदर्भातील पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणली गेली. गिधाडाला जंगलाची हद्द कळत नाही, ते दिवसाला कितीतरी कोस फिरते. उद्या त्याने आपल्या माळावर उतरावे असे वाटत असेल तर माळावरचे ढोर बिनविषारी असले पाहिजे.

ती येतील तेव्हा येतील. तोवर मेलेले जनावर खोल खड्डा करून पुरलेच पाहिजे. पूर्वी ढोर ओढण्याचे काम एका समाजावर लादलेले होते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी ते सोडले, ते योग्यच झाले. पण त्यानंतर हे काम कुणाचे, हे गावाने कधी ठरवलेच नाही. ते ग्रामपंचायतीचे आणि नगर परिषदेचे काम आहे. त्यासाठी जागा आणि खड्डा खणायला यंत्र हवे. कुत्री मारून प्रश्न सुटत नाही, कारण ताट भरलेले असेल तर शेजारची कुत्री येऊन बसतात. निर्बीजीकरण, लसीकरण आणि घाणीचा बंदोबस्त हाच मार्ग आहे. २०२३ चे केंद्राचे नियमही निर्बीजीकरण आणि लसीकरणच सांगतात.

आणि कुत्रे चावलेच तर काय करावे, तेही लक्षात ठेवा. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. घट्ट बांधू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, ती दंडात देतात. पोटातल्या चौदा सुयांची जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही टोचावे लागते. ठरलेल्या सर्व तारखांना लस घ्या, मधेच सोडू नका. उशीर झाला असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माझ्याकडे किंवा मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडेही त्यावर उपाय नाही.

त्या आजीला मी हे सगळे समजावून सांगितले. निघताना ती म्हणाली, ‘डॉक्टरसाब, आमच्या बालपणी गिधाडं घाण वाटायची. ती असती तर माझं लेकरू वाचलं असतं व्हय या दुखण्यातून?’ मी म्हणालो, ‘आजी, बहुतेक वाचलं असतं.’ तिने पदराने नातवाचे तोंड पुसले आणि म्हणाली, ‘मंग आणा की ती माघारी.’

ते एकट्या डॉक्टरच्या हातातले काम नाही. सुरुवात मात्र मेडिकलच्या काउंटरवरून आणि आपल्या गोठ्यातूनच करावी लागेल.