हेच निमंत्रण समजावे!

पुतणीने जाहीर केले, "काका, माझ्या लग्नाच्या ३०० पत्रिका मी घरीच करणार." झाले! घरभर खळीचा वास आणि माझ्या हाती कात्री. वहिनी कुरकुरल्या, "लोक म्हणतील, छापायला पैसे नव्हते."

म्हणू देत! छापील पत्रिकेत असते तरी काय? वर गणपती, मध्ये हजेरीपटासारखी निमंत्रकांची यादी, खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असे सांगणारे, अजून बोलताही न येणारे चिरंजीव. आणि शेवटी कबुलीजबाब : 'हेच समक्ष निमंत्रण समजावे.' समजावे म्हणजे, ते तसे नाही! व्हॉट्सअॅपवरच्या पत्रिकेला तर हळदीकुंकवाचे बोटही लागत नाही.

हाताने लिहायचे म्हणजे प्रत्येक नावापाशी थांबावे लागते. पुतणी अशीच थांबली. "काका, नाशिकच्या आत्याला कोण लिहिणार?"

माझी सख्खी बहीण. १२ वर्षांचा अबोला. छापील गठ्ठ्यात तो सुखाने खपून गेला असता. मी कात्री ठेवली, पेन घेतले. चार ओळींना तासभर लागला. 'समजावे' मात्र कुठेही लिहिले नाही.

ताई हळदीच्या आदल्या दिवशीच हजर!