नावाची पुण्याई आणि शस्त्राची परीक्षा

अकलूजच्या घोडेबाजारात घोड्याचे नुसते कूळ ऐकून कोणी पैसे मोजत नाही. दात पाहतात, खूर उचलतात, चालवून बघतात. हाच चोखंदळ बागायतदार जुने रिव्हॉल्व्हर मोडीत देऊन दुसरे घ्यायला निघाला, की ‘वेब्ली’ या अक्षरांपुढे त्याचे भान हरपते!

बर्मिंगहॅमची कारागिरी उत्तम होती, हे मान्यच. परंतु १९८०च्या दशकात खाजगी आयात बंद झाली आणि टंचाईने भाव चढला. टंचाई म्हणजे गुणवत्ता नव्हे. कित्येक दशके वापरलेल्या शस्त्राचे चक्र नळीशी नेमके जुळते काय, सुटा भाग मोडल्यास मिळणार कोठून, हे विचारणे त्याला कमीपणाचे वाटते. कानपूरचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मात्र त्याच्या लेखी ‘सरकारी माल’! गंमत अशी, की वेब्ली नावाची रिव्हॉल्व्हरे आता उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यातच बनतात. मग विलायती म्हणून मिरवायचे तरी काय?

आमच्या स्वदेशीवाल्यांनीही ‘निर्भीक’ (२०१४) वा ‘प्रबल’ (२०२३) केवळ आपले म्हणून डोळे मिटून घेऊ नये. २०१९च्या कायदादुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे. शोभेचे शस्त्र बाळगण्याची चैन आता परवडणारी नाही. आणि कानपूरलाही विचारलेच पाहिजे : माळशिरस तालुक्यातील ग्राहकाचे रिव्हॉल्व्हर बिघडले, तर ते दुरुस्त कोण, कोठे आणि किती दिवसांत करून देणार?