भाताचा ओलावा आणि यंत्राची साक्ष

सरकारी खरेदीत भाताचा ओलावा १७ टक्क्यांहून अधिक भरला की माल परत येतो. परंतु हा आकडा सांगणारे विजेचे यंत्र पाणी तोलीत नाही. वीज धरून ठेवण्याची शक्ती, म्हणजे पारवैद्युतांक, पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या दाण्याचा ५ हून कमी. या भेदावरून ते अनुमान करते. भाताची जात, उष्णता वा दाण्यांची दाटी बदलली की अनुमान ढळते. सूक्ष्मतरंगांच्या मापनाने दाटीचा दोष बराच टळतो. तरी खरी कसोटी भट्टीत वाळवून तोललेला नमुनाच होय. महसुली दप्तरात आम्ही एवढेच शिकलो की, साखळी तपासल्यावाचून मोजणी मानू नये. तेव्हा कर्जत-खालापूरच्या शेतकरी बंधूंनी कर्जत-३ सारख्या आपल्याच जातींवर यंत्राची पडताळणी आपल्या समक्ष मागावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.