दोन संकोच

‘संकोच’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : आकुंचन आणि लाज. पुरुषांच्या मूत्रमार्गाच्या एका विकारात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. लघवीची धार बारीक होते, जोर करावा लागतो, नंतरही थेंब गळत राहतात. धुळ्या-जळगावच्या बाजारपेठेत दिवसभर गल्ल्यावर बसणारा गृहस्थ मात्र हे पत्नीलाही सांगत नाही. वय झाले, उन्हाळा कडक आहे, अशी स्वतःची समजूत घालतो.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब असतो. परम्यासारख्या संसर्गाने त्याच्या अस्तराला सूज येते. औषधाने संसर्ग जातो, परंतु मागे राहिलेला व्रण जात नाही. तो वर्षानुवर्षे मार्ग आवळत राहतो. इजा, कॅथेटर किंवा त्वचेचा विकार यांमुळेही हेच घडते. म्हणून रुग्णाच्या चारित्र्याविषयी शंका घेणे हा अन्याय ठरेल. दुर्लक्ष झाल्यास लघवी तुंबते, खडे होतात आणि अखेर मूत्रपिंडांना इजा पोहोचते.

मार्ग रुंद करण्याचा उपाय प्राचीन आहे. तुपाने माखलेली धातूची, लाकडाची किंवा लाखेची नळी घालून ती क्रमाने जाड करीत जाण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. आज दुर्बिणीतून छेदही घेतात. आखूड अडथळ्याला हे पुरते. परंतु तेच पुनःपुन्हा करणे म्हणजे थकलेल्या कर्जाचे केवळ नूतनीकरण करणे होय; मुद्दल फिटत नाही, उलट व्रण वाढतो.

अशा वेळी मूत्रमार्गाची पुनर्रचना हाच टिकाऊ उपाय ठरतो. व्रण आखूड असेल तर तो कापून टोके जोडतात. लांब असेल तर गालाच्या आतील अस्तराची पट्टी काढून तेथे बसवतात. हे अस्तर केशरहित असते, ओलाव्यात टिकते आणि लवकर रुजते. या शस्त्रक्रियेत पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांचे नाव जगभर घेतले जाते. मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखण्याची त्यांची पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण मार्ग आवळलेल्या ११७ रुग्णांचा त्यांचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यात सुमारे ८४ टक्के रुग्णांना यश लाभले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तंबाखू-गुटख्याने ज्याचे तोंड उघडेनासे झाले, त्याच्या गालाचे अस्तर कामी येणे कठीण. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; ती प्रत्येकाने आपल्या मुखावरही घालावी. शरीराने दुरुस्तीसाठी जपलेली ठेव व्यसन आधीच खर्च करून टाकते.

खर्चाची धास्ती असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. या योजनेचे मूळ रूप २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत धुळे होते.

तत्त्वार्थसूत्रात बंधाच्या पाच कारणांमध्ये प्रमादाची गणना आहे. देहाच्या बाबतीतही प्रमाद बंधनच घडवतो. पहिला संकोच शल्यविशारद दूर करील. दुसरा मात्र रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनीच दूर करायचा आहे.