बिनवर्गणीचे विमान-कार्ड

वार्षिक वर्गणी न घेता खरेदीवर विमानप्रवासाचे गुण देणारे क्रेडिट कार्ड व्यापारी बंधूंनी घ्यावे काय? आमच्या मते, विमान वारंवार लागत असेल त्यानेच घ्यावे. आदिलाबादेहून प्रवासी विमान नाही. नागपूर किंवा हैदराबादसारखे शहर गाठावे लागते. गुण म्हणजे रोकड नव्हे. २०१२ साली किंगफिशरची उड्डाणे थांबली, तेव्हा साठविलेल्या गुणांवर तिचे विमान मिळेना. हे गुण फुकटचेही नव्हेत. दुकानदाराच्या रकमेतून कापलेल्या आकारातूनही त्यांचा खर्च निघतो. शिवाय बिल मुदतीत पुरते न फेडल्यास पुष्कळ कार्डांवर दरमहा शेकडा सुमारे ३.५, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ व्याज पडते. धान्याच्या घाऊक व्यापारात एवढा नफा कोठून आणावा? सबब, पूर्ण रक्कम वेळेवर भरण्याची शिस्त असणाऱ्यानेच कार्ड बाळगावे आणि मिळालेले गुण लवकर वापरावेत.