शाळेचा पासवर्ड कोणाकडे आहे?

शाळेचा कारभार क्लाउडवर न्यायचा ठरला की संस्थेच्या बैठकीत पहिली चर्चा होते ती किमतीची. विद्यार्थ्यामागे वर्षाला किती रुपये, पहिलं वर्ष मोफत आहे का, पालकांना मोबाइल अॅप मिळेल का, फी ऑनलाइन भरता येईल का. विक्रेता प्रोजेक्टरवर तक्ते दाखवतो आणि ठराव मंजूर होतो. हे सगळं रोज चालवणार कोण, हा प्रश्न त्या बैठकीत क्वचितच निघतो. महाराष्ट्रातल्या शाळांचं संगणकीकरण गेली वीस वर्षं याच प्रश्नापाशी अडलं आहे. क्लाउड आल्याने तो सुटलेला नाही, उलट जास्त निकडीचा झाला आहे.

मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळांत आयटी विभाग असतो. बाकीच्यांचं काय? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिकसुद्धा नसतो. तिथे ऑनलाइन कामं मुख्याध्यापक करतात, नाहीतर शाळेतले सगळ्यांत तरुण गुरुजी. अनुदानित हायस्कूलमध्ये ती लिपिकाकडे जातात किंवा ‘सरांना कॉम्प्युटर येतो’ म्हणून विज्ञानाच्या सरांकडे. 2015 मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरल पोर्टल आलं, शिक्षकांच्या पगाराचं शालार्थ होतंच, मग शाळांच्या माहितीचं यू-डायस प्लस आणि आता विद्यार्थ्यांचा अपार क्रमांक. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागून माहिती भरणारे शिक्षक या राज्यात हजारोंनी आहेत. त्यांच्या नेमणूकपत्रात या कामाचा उल्लेख नाही, वेळापत्रकात त्यासाठी तासिका नाही आणि चूक झाली तर खुलासा मात्र त्यांनीच द्यायचा. या माणसांच्या खांद्यावर आणखी एक सॉफ्टवेअर ठेवण्याआधी त्यांच्याकडे नीट पाहायला हवं.

माणूस बाहेरचा ठेवून काय होतं, ते आपण अनुभवलं आहे. केंद्राची आयसीटी अॅट स्कूल योजना 2004 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘बूट’ पद्धतीने राबवली गेली. कंपनीने संगणक कक्ष उभारायचा, पाच वर्षं चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा. संगणक शिक्षकही कंपनीनेच नेमलेले, तुटपुंज्या मानधनावर. करार संपले तेव्हा यंत्रं शाळेकडे आली आणि ती चालवणारी मुलं-मुली घरी गेली. कामावर कायम करा म्हणून त्यांना आंदोलनं करावी लागली. मधल्या काळात शाळेतल्या एखाद्या कायम शिक्षकाने ते काम शिकून घेतलं असेल तर कक्ष चालू राहिला. नसेल तर कुलूप लागलं.

केरळने वेगळा रस्ता धरला. तिथला आयटी अॅट स्कूल प्रकल्प 2001 चा. 2017 मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. त्यांनी शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर निवडले आणि हायस्कूलमागे आयटी समन्वयक शिक्षक नेमला. विंडोजच्या परवान्यांवर पैसे न घालवता लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली वर्गांत बसवली. 2018 पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून मुलंही या कामात आली. शाळांच्या नोंदींसाठीची ‘संपूर्ण’ ही ऑनलाइन प्रणाली तिथे रुजली, कारण ती चालवणारा माणूस शाळेत आधीच उभा होता. सॉफ्टवेअर त्याच्यामागून आलं. आपण दर वेळी सॉफ्टवेअर आधी आणतो.

प्रत्यक्ष स्थलांतरात काय काय करावं लागतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेत्याच्या सादरीकरणात ते येत नाही.

पहिली अडचण फॉन्टची. शाळेच्या जुन्या संगणकात वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अहवाल, पत्रव्यवहार आणि दाखल्यांचे नमुने आहेत. त्यांतलं बरंचसं श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखमध्ये टाइप केलेलं. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं. तीच फाइल क्लाउडवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी समोर येते. ‘देशमुख’ शोधायला गेलात तर एकही देशमुख सापडत नाही. हे सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार पुष्कळदा चुकतात आणि ते कोणीतरी डोळ्यांनी तपासावे लागतात. शिवाय मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा रेमिंग्टन कळफलकावर दिलेल्या लिपिकासमोर अचानक इनस्क्रिप्ट ठेवला तर त्याचा हात थांबतो आणि ‘हे नवीन काही चालत नाही’ असं त्याचं मत तिथेच पक्कं होतं. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते, ती एकदा बसवून द्यावी लागते एवढंच. पण हे सांगायला त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेलं असावं लागतं.

दुसरी अडचण नावांची. शाळेचा मूळ दस्तऐवज म्हणजे जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. एकाच मुलीचं नाव रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं आणि सरलवर तिसरं, हे सर्रास आढळतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं कोणतं घ्यायचं? कंपनीचा ऑपरेटर हे ठरवू शकत नाही आणि त्याने ठरवूही नये. रजिस्टरमधल्या नावात किंवा जन्मतारखेत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, हे लिपिकाला ठाऊक असतं. म्हणून एक्सेलच्या तक्त्यात नावं भरून एका झटक्यात हजार खाती उघडण्याआधी लिपिकाने बसून प्रत्येक ओळ रजिस्टरशी ताडायला हवी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. ते टाळलं की चुकीच्या नावाचा दाखला दहावीनंतर मुलीच्या हातात पडतो आणि तिचे आई-वडील तालुक्याला खेटे घालत बसतात.

तिसरी गोष्ट मालकीची. शाळेचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? अर्नेट या सरकारी संस्थेकडून शैक्षणिक डोमेन शाळेच्या नावाने घेता येतं. पण पुष्कळदा वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घेतलेलं असतं. ओटीपी त्याच्याकडे जातो. त्याचं आणि शाळेचं बिनसलं की शाळेचे ईमेल, वर्ग आणि साठवलेल्या फाइल्स, सगळंच अडकतं. मुख्य प्रशासकाचं खातं हीच शाळेच्या कपाटाची किल्ली. ते निदान दोघांकडे असावं, रोजच्या कामासाठी वापरू नये, त्याला दुहेरी पडताळणी असावी आणि आपत्कालीन कोड मोहोरबंद पाकिटात ठेवावेत. मुख्याध्यापक निवृत्त होताना पदभाराच्या यादीत कॅशबुक असतं, डेड स्टॉक रजिस्टर असतं. त्या यादीत आता प्रशासक खात्याची ओळ यायला हवी.

खातं हटवण्याचंही तसंच. बदली झालेल्या शिक्षकाचं खातं कोणी सफाईच्या भरात काढून टाकलं तर गुगलच्या व्यवस्थेत ते परत आणायला 20 दिवस मिळतात. त्यानंतर त्यांच्या मालकीच्या फाइल्स, म्हणजे कदाचित दहा वर्षांच्या चाचण्या आणि टिपणं, हाती लागत नाहीत. फाइल्स शाळेच्या सामाईक ड्राइव्हवर ठेवण्याची सवय असती तर हा प्रश्नच आला नसता. ही सवय प्रशिक्षणातून लागते.

पासवर्ड निष्काळजीपणे हाताळले की काय घडतं, याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. नागपूर विभागात 2025 मध्ये बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं. लॉगिनचा गैरवापर करून बनावट शिक्षकांच्या नावे पगार काढल्याचे आरोप झाले, अधिकाऱ्यांना अटक झाली. शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीच्या दीक्षा या सरकारी अॅपची एक साठवण क्लाउडवर वर्षाहून अधिक काळ उघडी राहिल्याचं 2023 मध्ये समोर आलं. दहा लाखांहून अधिक शिक्षकांचे तपशील आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती तिथे होती. कोणी तिजोरी फोडली नव्हती, कुलूपच लावलं नव्हतं. अमेरिका-कॅनडातल्या असंख्य शाळा वापरतात त्या पॉवरस्कूल कंपनीत डिसेंबर 2024 मध्ये एका खात्याच्या चोरलेल्या पासवर्डने शिरकाव झाला. टोरांटोच्या शाळा मंडळाची तर 1985 पासूनची माहिती त्यात गेली. चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याची नोंद चालू यंत्रणेत का ठेवली होती, हा प्रश्न आपल्या शाळांनी आजच स्वतःला विचारावा.

आता याला कायद्याची बाजूही आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला हा कायदा मूल मानतो. शैक्षणिक कामासाठी शाळांना काही सवलती आहेत, पण मुलांच्या माहितीबाबतची कर्तव्यं पाळली नाहीत तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी ती कशासाठी गोळा केली याचं उत्तर शाळेलाच द्यावं लागेल. हे उत्तर सध्या द्यायचं कोणी, तर त्याच विज्ञानाच्या सरांनी.

मग त्यांना शिकवायचं काय? एमएस-सीआयटी बहुतेकांनी केलेलं असतं आणि त्या अभ्यासक्रमाचं या राज्यावर मोठं ऋण आहे. पण त्यातून माणूस संगणक वापरायला शिकतो, शंभर जणांची खाती सांभाळायला नाही. तालुक्याच्या सभागृहात एका दिवसात दोनशे जणांना स्लाइड दाखवण्याने तर काहीच साधत नाही. प्रशिक्षण मे महिन्यात, शाळेच्या स्वतःच्या रजिस्टरवर आणि शाळेच्याच संगणकावर व्हावं. लिपिक आणि एक शिक्षक अशी जोडी असावी, म्हणजे एकाची बदली झाली तरी काम थांबत नाही. त्यांना चाचणीचं खातं मुद्दाम हटवून परत आणायला लावावं, विसरलेला पासवर्ड बदलायला लावावं, सगळा डेटा उतरवून घेऊन बाहेरच्या डिस्कवर ठेवायला लावावं. जून-जुलैत प्रवेशांच्या गर्दीत खऱ्या अडचणी येतात, तेव्हा शिकवणारा फोनवर तरी हजर हवा. एका सत्रानंतर त्याने पुन्हा येऊन काय विसरलं गेलं ते पाहायला हवं.

‘आम्ही शिकवायचं कधी?’ असं शिक्षक विचारतात. त्यांची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच हे काम कोणावर लादू नये. आठवड्याच्या काही तासिका कमी करून, लेखी आदेशाने आणि मानधनासह ते द्यावं. पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचीही मूळ शैक्षणिक सेवा पात्र शाळांना मोफत मिळते. ऑगस्ट 2020 मध्ये राज्य सरकारने गुगलशी भागीदारी जाहीर केली तेव्हा हजारो शिक्षकांनी ही सेवा हाताळलीही. मोफत सेवेच्या अटी बदलतात, हे खरं. गुगलची अमर्याद साठवण 2022 मध्ये 100 टेराबाइटवर आली आणि मायक्रोसॉफ्टनेही 2024 मध्ये तीच मर्यादा घातली. पण साध्या शाळेला एवढी साठवण पुरून उरते. वाचलेला पैसा माणसावर घालता येतो.

रयतसारख्या शेकडो शाखांच्या संस्थेला मध्यवर्ती पथक परवडतं. तालुक्यातल्या दोन-चार शाळांच्या संस्थेला परवडत नाही. अशा संस्थांनी एकत्र येऊन एक जाणकार नेमावा. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी केंद्रशाळेची रचना आपल्याकडे आधीपासून आहे. केंद्रातल्या एका शिक्षकाला हे काम रीतसर दिलं तर रात्री जागणाऱ्या दहा गुरुजींची सुटका होईल. शिक्षण विभागाने याचा शासन निर्णय काढायला हवा, आणि तो पुढचं पोर्टल आणण्याआधी काढायला हवा.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात असाल तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? मुख्य प्रशासकाचा पासवर्ड कोणत्या दोघांकडे आहे? आणि त्या दोघांना शिकवण्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रुपये ठेवले आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य असेल तर नव्या सॉफ्टवेअरच्या ठरावावर सही करू नका.