शाळा टेलला, चाव्या मंत्रालयात

गावात विचारा, शाळा कोणाची? लोक म्हणतात, सरकारची. तालुक्याला विचारा, साहेब म्हणतात, जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदेत जा, तिथे सांगतात, आमच्या हातात काही नाही, वरून आदेश आहे. मंत्रालयात जा, तिथे कायद्याचे पुस्तक दाखवतात : शाळेचा कारभार गावातल्या पालकांच्या समितीकडे दिलेला आहे! असा हा गोल आहे. या गोलात कागद फिरतो, जबाबदार माणूस मात्र सापडत नाही.

भावांनो आणि मायबहिणींनो, आपल्या जिल्हा मेळाव्यात भाव, वीज आणि कर्ज यांवर ठराव होतात आणि ते झालेच पाहिजेत. पण वाडीवरची शाळा बंद करायचा कागद आला की आपण तो गुरुजींचा प्रश्न समजून मोकळे होतो. तो गुरुजींचा प्रश्न नाही. शाळेचा पैसा, शाळेची सत्ता आणि शाळेचा निकाल या तिन्ही गोष्टींचा हिशेब शेतकऱ्यानेच मागायला हवा.

पैसा कोणाचा?

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. खेड्यातली शाळा शेतकऱ्याच्या पैशावर उभी राहिली ती अशी. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. हिशेबाची पद्धत बदलली, पण मागायची गरज संपली नाही.

आज शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते. शाळेवरच्या खर्चाचा सर्वात मोठा वाटा हाच. खोल्यांचे बांधकाम आणि दुरुस्ती बहुतांशी जिल्हा नियोजन समितीच्या पैशावर अवलंबून. समग्र शिक्षा योजनेचा पैसा केंद्राचा साठ आणि राज्याचा चाळीस टक्के. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून शाळेच्या वाट्याला येते ते चिमूटभर. म्हणजे पाटीवर नाव जिल्हा परिषदेचे आणि तिजोरी दुसऱ्याची.

आता शाळेच्या हातात रोख किती पडते ते बघा. समग्र शिक्षेच्या २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी ठरलेल्या निकषांत संयुक्त अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. दहा हजार म्हणजे महिन्याला साडेआठशे रुपयेही नाहीत. त्यात विजेचे बिल, खडू, रजिस्टर, नळाची दुरुस्ती आणि स्वच्छता. छप्पर वीस मुलांवर गळते तेवढेच दोनशे मुलांवर गळते, पण अनुदान पट मोजून येते. छोटी शाळा दुबळी का, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

सत्ता कोणाची?

प्राथमिक शाळांचा कारभार १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांकडे आला, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांकडे आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे. हेतू एकच सांगितला गेला : शाळा लोकांच्या जवळ यावी. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पाऊणशे टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेवर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे, आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणे, ही तिची कामे कायद्यात लिहिलेली आहेत.

कागदावर याहून चांगली रचना शोधूनही सापडणार नाही. पण या समितीला काय करता येत नाही ते बघा. शिक्षक नेमता येत नाही. रिकामी जागा भरून घेता येत नाही. बदली कधी आणि कोणाची, हे विचारलेही जात नाही, कारण बदल्या ऑनलाइन आणि नियम राज्याचे. गुरुजींना मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि रोजच्या ऑनलाइन माहितीतून सोडवता येत नाही. आणि शाळा बंद करायचे ठरले तर ते थांबवताही येत नाही. उरते काय? ठरावाच्या वहीवर सही. आपल्या कितीतरी बहिणी या समित्यांवर आहेत आणि त्यांना बैठकीचे बोलावणे सहीपुरतेच येते.

वरच्या पायरीवरही तेच. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगेपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती. तेवढा काळ शिक्षण समिती नाही, सभापती नाही, प्रश्न विचारणारा सदस्य नाही, कारभार प्रशासकाकडे. आणि छोट्या शाळांच्या मुळावर येणारे मोठे निर्णय नेमके याच काळात झाले.

निकाल काय?

सरकारी शाळांत सगळे आलबेल आहे असे म्हणणे म्हणजे आपल्याच मुलांची फसवणूक. 'असर' या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची शंभरातली जेमतेम ४५ मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये, कोरोनाच्या बंदनंतर, ती ३८ च्या आसपास होती. म्हणजे गाडी वर येते आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अजून मागे आहेत. पिवळ्या बसमधून जाणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. त्याच पाहणीत खासगी शाळांतली वाचू शकणारी मुले सुमारे ५९ टक्के. फी भरूनही शंभरातली चाळीस अडतात.

पीक पिवळे पडले तर शेतकरी पिकाला शिव्या देत नाही. मूळ उकरून बघतो. पाणी साचले का, नत्र कमी पडले का, हुमणी लागली का? शाळेच्या बाबतीत मात्र मूळ न बघता पीकच उपटायचा सल्ला दिला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करायचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४,७८३ आणि मुले सुमारे १ लाख ८५ हजार. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांतली शिक्षकांची पदे आणखी आकसली. त्याविरुद्ध सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. त्या मोर्चांत पालक किती होते, हे आपण आपल्यालाच विचारावे.

समूहशाळेच्या बाजूने सांगितले जाते ते सगळे खोटे नाही. बारा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत आणि एकाच गुरुजींनी चार वर्ग सांभाळणे कठीणच. पण आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. ओढ्यापलीकडे शाळा गेली की पावसाळ्यात पहिली घरी बसते ती मुलगी. त्यानंतर ऊसतोड्याचे पोर. गाडी देऊ म्हणतात. पण त्या गाडीचे डिझेल पाचव्या वर्षी कोण भरणार, हे लिहून कोणी देत नाही.

आणि पट घसरला म्हणजे शाळा मेली असे नसते. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट २०२२ मध्ये तीनवर आला होता. गावाने आणि शिक्षकांनी मनावर घेतले, मुले एकमेकांना शिकवू लागली, पट शंभरापुढे गेला आणि २०२५ मध्ये या शाळेला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पटाच्या चाळणीने चाळली असती तर ही शाळा पहिल्याच फेरीत खाली पडली असती.

सगळे गावावर सोडावे का?

काही मित्र म्हणतात, सरकारला बाजूला करा, गावाने कर बसवावा आणि गावाने शाळा चालवावी. हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तिथे स्वतंत्र शालेय जिल्हे असतात. लोक स्कूल बोर्ड निवडतात, अंदाजपत्रक भर सभेत मांडले जाते आणि निम्म्याच्या आसपास पैसा स्थानिक करातून, मुख्यतः घरा-जमिनीवरच्या करातून येतो. प्रश्न विचारायला समोर माणूस असतो, हा त्यातला मोठा गुण. दोषही तेवढाच मोठा. जिथे जमिनीला किंमत तिथली शाळा श्रीमंत, बाकीच्या गरीब. टेक्सासमधल्या गरीब वस्तीच्या पालकांनी याविरुद्ध दावा लावला आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिवाय १९४० च्या सुमारास तिथे १ लाख १७ हजार असलेले शालेय जिल्हे विलीनीकरणात आज १३ हजारांच्या आसपास उरले. छोट्याला गिळायची ओढ तिथेही सुटलेली नाही.

मग वाट कोणती? ती आपल्याच शिवारात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९० च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. धरण सरकारचे, पण पाणी मोजून संस्थेच्या हवाली. पुढची वाटणी, पाळी आणि वसुली शेतकऱ्यांची. पाणी टेलला पोचले. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. शाळेलाही हेच लागू करा. पैसा राज्याने द्यावा, म्हणजे कोरडवाहू गाव मागे पडणार नाही. तो मोजून द्यावा, वेळेवर द्यावा आणि तो कसा वापरायचा ते समितीने ठरवावे. धरण वरचे, पाळी गावाची.

मेळाव्यापुढे मांडायच्या मागण्या

१. समिती आणि ग्रामसभा या दोघींचा ठराव असल्याशिवाय कोणतीही शाळा बंद वा विलीन करू नये.

२. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरी जागा कोणत्याही आदेशाने काढू नये.

३. छोट्या शाळेला पट न मोजता किमान अनुदान मिळावे, शाळा सुरू होण्यापूर्वी मिळावे.

४. शिक्षकाची जागा किती दिवस रिकामी, कोणत्या अशैक्षणिक कामात किती दिवस गेले, याचा तक्ता दर तिमाहीला समितीपुढे ठेवावा.

हे सरकारकडे मागायचे. आपल्याकडूनही काही द्यावे लागेल. येत्या ग्रामसभेत शाळेच्या अनुदानाचा जमाखर्च मोठ्याने वाचायला लावा. समितीवरच्या बहिणीला वही वाचल्याशिवाय सही करू नको म्हणून सांगा. आणि रात्री जेवण झाल्यावर पोराच्या हातात दुसरीचे पुस्तक देऊन एक उतारा वाचून घ्या. अडला तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा, भांडायला नाही, विचारायला.

मोंढ्यात माप नीट घालतात की नाही हे बघायला आपण काट्याजवळ उभे राहतो. आता शाळेच्या काट्याजवळ उभे राहू या.